३७ पोश्चरचा फॉर्म अमेरिकेसाठी कापला होता का? चेंग मान-चिंग यांच्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही ज्या क्लासला जाता तिथे ताई ची या संथ चिनी लढाऊ कलेचा ३७ पोश्चरचा छोटा फॉर्म (म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायची हालचालींची मालिका) शिकवतात आणि तो चेंग मान-चिंग या चिनी गुरूंचा असल्याचं शिक्षक सांगतात. यांग घराण्याचा लांब फॉर्म करणारे तुमचे एक परिचित मात्र म्हणतात, की चेंग अमेरिकेत गेले, तिथल्या लोकांना झेपावं म्हणून त्यांनी मूळ फॉर्म कापला, आणि तुम्ही शिकताय तो सोपा करून विकलेला माल आहे. यात खरं किती, आणि आता लांब फॉर्मकडे वळावं का?

मी स्वतः आधी लांब फॉर्म शिकलो, नंतर चेंग यांच्या फॉर्मकडे आलो आणि आजही तोच शिकवतो. त्यामुळे या माणसाबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगतो. पण तुमच्या परिचितांचं म्हणणं खोडायला आदराची गरज नाही, तारखा पुरेशा आहेत. चेंग न्यूयॉर्कला गेले १९६४ मध्ये. फॉर्म त्यांनी छोटा केला १९३८ च्या सुमारास, चीनच्या हुनान प्रांतात, जपानशी युद्ध पेटलेलं असताना. मध्ये पाव शतक गेलं. हा फॉर्म चिनी माणसांसाठी, चिनी गरजेतून तयार झाला. अमेरिकेत त्यांनी बदललं ते वेगळंच काही, त्याकडे पुढे येतो.

चेंग यांचा जन्म १९०२ चा, चेच्यांग प्रांतातल्या योंगज्या इथला. आज तो भाग वेनचौ शहरात मोडतो. लहानपणी डोक्यात वीट पडून ते बेशुद्ध पडले होते आणि त्यातून सावरायला बराच काळ गेला. जड अभ्यास झेपेना म्हणून घरच्यांनी त्यांना एका चित्रकाराच्या हाताखाली ठेवलं. शाई घोटायची, कागद मांडायचा, गुरूंचा हात चालताना बघत बसायचं. त्यांच्या मावशी चांग होंगवेई या नामवंत चित्रकार होत्या, त्यांचाही आधार मिळाला. विशीच्या आत-बाहेर असतानाच चेंग बीजिंगमध्ये कविता शिकवू लागले, पुढे शांघायच्या कलामहाविद्यालयात चिनी चित्रकला विभागाचे प्रमुख झाले. म्हणजे लढाऊ कलेत ते आले ते एक नावाजलेले चित्रकार आणि प्राध्यापक म्हणून. न्यूयॉर्कमधले विद्यार्थी त्यांना शेवटपर्यंत 'प्रोफेसर' म्हणत, ते उगीच नाही. चित्रकला, कविता, सुलेखन, वैद्यक आणि ताई ची या पाचांत प्रावीण्य असलेला माणूस म्हणून चिनी जगात त्यांची ओळख होती.

ताई ची त्यांनी धरली ती जीव वाचवायला. विशीतच क्षयाने गाठलं होतं, थुंकीतून रक्त पडत होतं. त्या काळात क्षयावर औषध नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी दोन दशकं होती. कोणीतरी ताई ची सुचवलं, त्यांनी सुरू केलं, प्रकृती सुधारली. बरं वाटलं की ते सोडून देत, दुखणं उलटलं की पुन्हा धरत. हे वाचताना मला माझे कितीतरी विद्यार्थी आठवतात. पाठ दुखते तोवर रोज सकाळी हजर, पाठ बरी झाली की गायब. चेंग यांचंही तसंच चाललं होतं, यांग चेंगफू भेटेपर्यंत.

यांग चेंगफू (१८८३–१९३६) हे यांग घराण्याच्या तिसऱ्या पिढीतले. आज जगभर 'यांग पद्धत' म्हणून जी संथ, एकसारख्या वेगाची ताई ची केली जाते तिला तो आकार त्यांनीच दिला. देहाने ते आडदांड, आणि समोरच्याला उडवून देण्यासाठी प्रसिद्ध. चेंग आणि त्यांची गाठ पडली ती १९३० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत. चेंग तोवर वैद्यकही शिकले होते. यांग यांच्या पत्नीच्या दुखण्यावर त्यांनी उपचार केले, त्या बऱ्या झाल्या आणि त्यानंतर गुरूंनी हात आखडता न घेता शिकवलं, असं चेंग यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १९३४ मध्ये यांग चेंगफू यांच्या नावावर ताई चीची मूलतत्त्वं आणि वापर यांवरचं पुस्तक निघालं. त्याला प्रस्तावना चेंग यांची आहे, आणि पुस्तकाची भाषाही बहुतांशी त्यांचीच असावी असं बरेच जाणकार मानतात. यांग लेखणीचे गडी नव्हते. ज्याच्या हाती गुरू आपलं पुस्तक सोपवतो तो ऐरागैरा शिष्य नसतो, एवढं तुमच्या परिचितांना नक्की सांगा.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. यांग १९३६ मध्ये वारले, म्हणजे दोघांचा सहवास चार-पाच वर्षांचा. दहा-वीस वर्षं यांगांजवळ राहिलेले शिष्य होते. त्यांच्या परंपरेतल्या लोकांना चेंग यांचं नाव एवढं का गाजावं हे कळत नाही, आणि त्यांची ही खंत मला रास्त वाटते. सहवासाच्या वर्षांवर चेंग यांचं मोठेपण ठरवायला गेलात तर ते टिकणार नाही. ते ठरतं त्यांनी त्या चार-पाच वर्षांतून काय उचललं यावर.

त्यांनी उचलली ती एकच गोष्ट: अंग सैल सोडणं. यांग दिवसातून कितीतरी वेळा 'सैल सोडा, सैल सोडा' म्हणत, आणि सैल नसाल तर मार खायची तयारी ठेवा असं बजावत, अशी चेंग यांची आठवण आहे. ते 'हो' म्हणायचे, पण अंगात उतरत नव्हतं. मग एका रात्री स्वप्न पडलं की आपले दोन्ही हात मोडलेत. दचकून जागे झाले, हात हलवून पाहिले, आणि कळलं की खांद्यापाशी हात नुसता दोऱ्याने बांधलेल्या बाहुलीच्या हातासारखा लोंबता ठेवता येतो. त्यानंतर ज्यांच्याशी ते बरोबरीने सराव करायचे त्यांना चेंग यांच्यात एवढा फरक कसा पडला हेच कळेना. स्वप्नाची गोष्ट कुणाला पटो न पटो, तिच्यातली शारीरिक खूण अगदी खरी आहे. आपल्याला वाटतं त्याहून खूप वर, खांद्याच्या सांध्यात आणि मानेच्या मुळाशी, आपण ताण धरून ठेवलेला असतो. हात सैल केला असं म्हणणाऱ्या दहाजणांचे हात मी खालून उचलून अचानक सोडून बघतो. बहुतेकांचे हात तिथेच हवेत राहतात. सैल हात धपकन पडला पाहिजे.

आता हुनान. युद्धकाळात चेंग यांच्यावर त्या प्रांतातल्या लढाऊ कलांच्या संस्थेची जबाबदारी होती. जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं यायची, दोन महिन्यांत शिकून परत जायची आणि पुढे इतरांना शिकवायची. यांगांचा लांब फॉर्म मोजणीच्या पद्धतीप्रमाणे शंभराच्या आसपास हालचालींचा, एकदा करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दोन महिन्यांत तो धड शिकवून होत नाही, दुरुस्त करणं तर लांबच. चेंग यांनी बघितलं की त्या शंभरात कितीतरी हालचाली पुन्हापुन्हा येतात. चिमणीची शेपटी पकडणं, एकहाती चाबूक, ढगांसारखे हात, गुडघ्यावरून हात फिरवत पुढे जाणं, हे सगळं लांब फॉर्ममध्ये अनेकदा आहे. त्यांनी पुनरावृत्ती काढली, बहुतेक मुख्य पोश्चर ठेवले आणि ३७ वर आणलं. हा फॉर्म सात ते दहा मिनिटांत होतो. खाली सरपटणारा साप आहे, एका पायावर उभा कोंबडा आहे, चार कोपऱ्यांत वळत जाणारी विणकरीण आहे. अवघड म्हणून फारसं काही गाळलं नाही. अवघड हालचालींमधली विश्रांती मात्र कमी झाली, हे लांब फॉर्म करणाऱ्याला तो पहिल्यांदा करताना जाणवतं.

खरा बदल लांबीत नाहीच, तो हालचालीच्या घडणीत आहे, आणि टीकाकारांनी बोट ठेवायचंच असेल तर तिथे ठेवावं. यांग चेंगफू पुढे ढकलताना मनगट 'बसवत', म्हणजे तळवा उभा आणि मनगट मागे मोडलेलं. चेंग यांनी मनगट सरळ ठेवलं; त्यांच्या परंपरेत याला सुंदर स्त्रीचा हात म्हणतात. आत्ता वाचता वाचता करून बघा. हात पुढे करा, तळवा उभा करून मनगट मागे मोडा. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापर्यंत ताण चढलेला दिसेल. आता मनगट नुसतं सरळ करा, बोटं किंचित वर येऊ द्या. ताण उतरतो. चेंग यांचं म्हणणं असं, की त्या ताणाने खांद्यापर्यंतचं सगळं अंग कडक होतं, आणि कडक झालं की समोरच्याला धरायला काहीतरी मिळतं. दुसरा बदल पवित्र्यात. त्यांचा पवित्रा आखूड आणि उंच आहे, पण जिथे एक पाय रिकामा म्हणायचा तिथे तो पूर्ण रिकामा, सगळं वजन दुसऱ्या पायावर. फॉर्म सुरू करतानाची उभं राहण्याची जागा आणि हात छातीपुढे येऊन थांबतो ते क्षण सोडले, तर दोन्ही पायांवर सारखं वजन ते कुठेच येऊ देत नाहीत. बघणाऱ्याला हे सौम्य वाटतं. चेंग यांचे तैवानमधले शिष्य बेंजामिन लो पुढे सॅन फ्रान्सिस्कोत शिकवायचे. ते एकेका पोश्चरमध्ये विद्यार्थ्यांना मांड्या पेटेपर्यंत थांबवून ठेवत. हा फॉर्म लेचापेचा आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकहाती चाबकात तीन मिनिटं उभं राहून बघावं.

हे सगळं त्यांनी ताई चीवरच्या तेरा प्रकरणांच्या पुस्तकात मांडलं. लिखाण १९४६ मध्ये पुरं झालं, छापलं गेलं १९५० मध्ये तैवानात. यांग चेंगफू यांचे ज्येष्ठ शिष्य चेन वेइमिंग यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. वडील गुरुबंधूंनी हा छोटा फॉर्म पाहून त्यावर मान डोलावली होती, हे तुमच्या परिचितांच्या आक्षेपाला दुसरं उत्तर.

त्या पुस्तकातला एक दाखला मराठी माणसाला समजावून सांगावाच लागत नाही. ताई चीच्या जुन्या वचनांत चार औंसांनी हजार पौंड हलवण्याची भाषा आहे. चेंग म्हणतात, हजार पौंडांचा बैल चार औंसांच्या दोरीने हवा तिकडे नेता येतो, पण ती दोरी नाकात हवी. वेसण. तीच दोरी शिंगाला किंवा पायाला बांधा, बैल ढिम्म हलणार नाही. आणि दगडी जनावराला वेसण घालून उपयोग नाही, कारण तिथे दुखणारं नाक नाही, जीव नाही. समोरच्याचा तोल नेमका कुठे धरायचा आणि किती हलक्या हाताने धरायचा, हे एवढ्यात आलं. पुश हँड्स, म्हणजे जोडीने एकमेकांचा तोल शोधायचा सराव, शिकवताना मला याहून चांगला दाखला अजून सापडलेला नाही.

१९४९ मध्ये चेंग तैवानला गेले, तैपेईत १९५० मध्ये शिचोंग नावाची शाळा काढली. तैवानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष चांग काई-शेक यांच्या पत्नी सोंग मेइ-लिंग यांना ते चित्रकला शिकवत. याच शाळेतून ती पिढी तयार झाली जिने पुढे हा फॉर्म जगभर नेला. त्यातले हुआंग शेंग-श्यान यांच्याबद्दल थोडं सांगतो, कारण चेंग यांच्या शिकवणीत लढाऊ अंश उरलाय का याचं ते चालतंबोलतं उत्तर होते. मूळचे ते फूच्यान प्रांतातल्या पांढऱ्या बगळ्याच्या पद्धतीचे पक्के गुरू. तो मान बाजूला ठेवून ते चेंग यांच्याकडे पहिल्यापासून शिकले, मग सिंगापूर-मलेशियात जाऊन शाळा काढल्या. १९७० मध्ये साठीच्या वयात, कुचिंग शहरात, एका व्यावसायिक कुस्तीगिराशी त्यांची जाहीर लढत झाली. हुआंग यांनी ती २६–० अशी जिंकली. मलेशिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये आज जे हुआंग परंपरेचे वर्ग आहेत त्यांचं मूळ हे.

तैपेईत १९५९ ते १९६२ या काळात रॉबर्ट स्मिथ नावाचा अमेरिकी गुप्तहेर खात्यातला माणूस चेंग यांच्याकडे शिकला. जूडो आणि बॉक्सिंग जाणणारा. तो चेंग यांचा पहिला पाश्चात्त्य शिष्य. परत गेल्यावर वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा गावात तो हा फॉर्म शिकवू लागला, आणि १९६७ मध्ये गुरू-शिष्यांच्या नावाने इंग्रजीत एक पुस्तक निघालं. इंग्रजी वाचणाऱ्या जगात चेंग हे नाव पोचलं ते मुख्यतः स्मिथ यांच्या लेखणीमुळे. लेखणी प्रेमळ होती, काही वेळा जास्तच. चेंग अजिंक्य होते वगैरे ज्या गोष्टी कानावर येतात त्यांतल्या बऱ्याच तिथून पसरल्या.

१९६४ मध्ये चेंग कुटुंबासह न्यूयॉर्कला आले. तेव्हा वय साठीच्या पुढे. मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये कॅनॉल स्ट्रीटवर २११ क्रमांकाच्या इमारतीत न्यूयॉर्क ताई ची असोसिएशन होती, तिथे ते शिकवू लागले. त्या काळचं न्यूयॉर्क डोळ्यांपुढे आणा. व्हिएतनाम युद्धावरून देश दुभंगलेला, तरुण पोरं घरदार सोडून निघालेली, लांब केस, विटक्या जीन्स. पूर्वेकडचं काहीतरी हवंय, पण काय हवंय ते धड ठाऊक नाही. चायनाटाउनमधली चिनी मंडळी या पोरांकडे संशयाने बघत, आणि घरची विद्या परक्यांना शिकवायची नाही हा विचार अनेक चिनी गुरूंमध्ये तेव्हा पक्का होता. या मुलांना शिकवण्यावरून वाद झाले. चेंग यांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली आणि त्यांच्या मदतीने बॉवरी रस्त्यावर ८७ क्रमांकाच्या जागेत स्वतःची शाळा उभी केली. नाव तैपेईचंच, शिचोंग.

अमेरिकेत त्यांनी बदललं ते हे. फॉर्म तोच, अपेक्षा त्याच, दार मात्र उघडलं. आणि ज्यांच्यासाठी उघडलं त्यांच्याकडे बघा. शाळा उभी करायला मदत केलेले सहाजण 'बिग सिक्स' म्हणून ओळखले जातात. त्यात मॅगी न्यूमन ही नृत्य केलेली बाई होती, स्टॅनली इझ्राएल हा जूडोवाला होता, एड यंग हा त्यानचिनमध्ये जन्मलेला आणि शांघायमध्ये वाढलेला चित्रकार होता, ज्याला पुढे १९९० मध्ये मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांसाठी कॅल्डेकॉट पदक मिळालं. टॅम गिब्ज होता, जो चिनी शिकला आणि गुरूंचा दुभाषा झाला. लू क्लाइनस्मिथ आणि मॉर्ट राफाएल होते. धर्म, वंश, बाई-पुरुष असा कुठलाही एक साचा त्यात नव्हता. १९६० च्या दशकातल्या चिनी गुरूने एका बाईला ज्येष्ठ शिष्यांमध्ये बसवणं ही किरकोळ गोष्ट नव्हे.

चेंग यांना इंग्रजी जेमतेम येत होतं. शिकवणं चाले ते दुभाष्यामार्फत आणि हाताने. शाळेत ताई ची होती, त्याबरोबर सुलेखन होतं, चित्रकला होती, कन्फ्यूशियस आणि लाओत्से यांवर बोलणं होतं, आणि नाडी पाहून ते रुग्णांना औषधही देत. ज्यांना नुसतं लढायला शिकायचं होतं ते कंटाळून गेले असतील. जे राहिले त्यांना एका माणसाच्या पाचही विद्या एकाच खोलीत बघायला मिळाल्या. ब्रश धरणारा हात आणि समोरच्याच्या कोपरावर ठेवलेला हात यांत चेंग फरक करत नव्हते, आणि त्यांच्या चित्रफिती बघताना ते खरंच दिसतं. या चित्रफिती केन व्हॅन सिकल या छायाचित्रकार शिष्याने जपून केल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या.

या शाळेत त्यांनी ज्यावर सर्वांत जास्त जोर दिला, आणि विद्यार्थ्यांना जे सर्वांत कमी जमलं, ते म्हणजे हरायला तयार असणं. पुश हँड्समध्ये दोघे समोरासमोर उभे राहतात, हाताला हात लावतात आणि एकमेकांचा तोल शोधतात. चेंग सांगत, समोरच्याने ढकललं तर अडवू नका, जोर लावू नका, पडलात तर पडा. नुकसान सोसा, ते नुकसान म्हणजे भांडवल आहे. जोराने वाचलात तर त्या दिवशी वाचाल, पण जोरावरची भिस्त कधीच सुटणार नाही.

हे प्रत्यक्षात कसं असतं ते सांगतो. माझ्याकडे तालमीत वाढलेले एक गृहस्थ येतात. पन्नाशी ओलांडली तरी मान बैलासारखी भक्कम. पुश हँड्समध्ये त्यांना ढकललं की ते मागचा पाय रोवून छातीने उत्तर द्यायचे. क्लासमधलं कोणी त्यांना हलवू शकत नव्हतं, आणि त्यांना ते बरोबरच वाटत होतं. मी त्यांना एकच सांगितलं: ढकलणाऱ्याचा हात छातीला लागला की ज्या बाजूला लागलाय त्या बाजूची जांघेची घडी मिटवा, वजन मागच्या टाचेवर जाऊ द्या, कंबर तेवढीच वळू द्या, हात-खांदे विसरा. कित्येक महिने ते पडत राहिले, कारण अडवणं थांबलं होतं आणि घडी अजून वेळेवर मिटत नव्हती. मग एक दिवस समोरच्याने ढकललं आणि त्याला छाती सापडलीच नाही. त्याचा भार त्याच्याच पुढच्या पायाच्या बोटांपलीकडे गेला. पैलवानांनी नुसता हात पुढे केला, तो चार पावलं मागे गेला. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "मी तर काहीच केलं नाही." मधले ते पडण्याचे महिने टाळून इथे पोचता येत नाही. चेंग न्यूयॉर्कच्या पोरांना हेच सांगत होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना जिंकायचं होतं.

आता आक्षेपांकडे. चित्रफितींत समोरचा शिष्य चेंग यांच्या हलक्या स्पर्शाने उडी मारत मागे जातो, तो पूर्णपणे गुरूंचा प्रताप नाही. उखडला गेलेला माणूस दोन-तीन उड्या मारून स्वतःच जोर जिरवतो, तसं शिकवलेलंच असतं. शिवाय गुरूबद्दलचा आदरही त्या उड्यांत मिसळतो. म्हणून उडी बघू नका. त्याच्या आधीचा पाव सेकंद बघा, शिष्याची टाच कधी उचलली जाते आणि त्या वेळी चेंग यांच्या खांद्यात काही हालचाल होते का ते बघा. होत नाही. तिथे त्यांची पातळी कळते. दुसरं, यांग घराणं हा फॉर्म आपला मानत नाही, आणि ते बरोबर आहे. मनगट, पवित्रा, क्रम, सगळंच बदललेलं आहे. याला चेंग यांचा फॉर्म म्हणणंच प्रामाणिक. तिसरं, न्यूयॉर्कच्या काही शिष्यांनी सैलपणाचा अर्थ ढिलेपणा असा घेतला, आणि आज या फॉर्मचे असे कितीतरी क्लास आहेत जिथे पाठीचा कणा कुठे आहे हेच दिसत नाही. यात फॉर्मचा दोष नाही, पण त्याने वाट मोकळी ठेवली हे खरं. लांब फॉर्ममध्ये खोल पवित्रा आपोआप पाय तयार करतो. इथे पाय तयार करायचं काम शिक्षकाला मुद्दाम करावं लागतं.

छोटा फॉर्म म्हणजे अमेरिकी तडजोड या समजाला आणखी एक उत्तर खुद्द चीनमध्ये आहे. १९५६ मध्ये तिथल्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग पद्धतीवरूनच २४ हालचालींचा फॉर्म तयार करून देशभर रुजवला. तेव्हा चेंग तैवानात होते, दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. गरज एकच होती: कामाला जाणाऱ्या माणसाला रोज सकाळी वेळ मिळाला पाहिजे.

चेंग १९७४ मध्ये तैवानला परतले आणि २६ मार्च १९७५ ला तिथेच वारले. त्यानंतर खरा वारसदार कोण यावरून शिष्यांमध्ये जे व्हायचं ते झालंच, त्यात शिरत नाही. तैपेईची शाळा चालू राहिली. न्यूयॉर्कमध्ये मॅगी न्यूमन, विल्यम सी. सी. चेन असे अनेकजण पुढे कैक वर्षं शिकवत राहिले. चेंग यांचे न्यूयॉर्कमधले सहायक टी. टी. ल्यांग बॉस्टनकडे गेले आणि शंभरी ओलांडून जगले.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पायांवर अवलंबून आहे. ३७ चा फॉर्म तुम्ही न अडखळता करता, पण प्रत्येक पाऊल टाकताना 'धप्' आवाज होतो, तर लांब फॉर्म घेऊ नका, तोच आवाज शंभर वेळा होईल. आधी हे करा: फॉर्ममधली कुठलीही पाच पोश्चर निवडा, प्रत्येकात एक-एक मिनिट थांबा. मागचा गुडघा आत पडत नाही ना, पुढचा गुडघा अंगठ्याकडे न जाता दुसऱ्या बोटाच्या दिशेला आहे ना, एवढंच बघा. महिनाभरात आवाज कमी झाला तर तुमच्या शिक्षकांना पुश हँड्स सुरू करायला सांगा. ते टाळत असतील, किंवा पुश हँड्समध्ये तुम्हाला जिंकायलाच शिकवत असतील, तर मात्र दुसरा क्लास शोधा, मग तो लांब फॉर्मचा असला तरी चालेल. तुमचे परिचित लांब फॉर्म चांगला करत असतील तर त्यांच्यासोबतच पुश हँड्स करून बघा. एकदा तुम्ही त्यांना ढकलू द्या, एकदा त्यांनी तुम्हाला. कोणाचा फॉर्म मोठा हा वाद त्यानंतर दोघांनाही फारसा घालावासा वाटणार नाही. गुडघा दुखत असेल तर एकहाती चाबकातला पवित्रा आणखी उंच घ्या, सापाची हालचाल अर्ध्यावर थांबवा, आणि ते दुखणं दोन आठवड्यांत गेलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.